एरंडोलला थांबणारा भूप: संगीत आणि संगणकाच्या संशोधनात शिरायचं कसं

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. पहिले विचारतात, ‘सर, कॉम्प्युटरला पोराला पुण्याला टाकू की जळगावलाच राहू देऊ?’ दुसरे जरा आवाज खाली आणून विचारतात, ‘पोरगी गाते चांगली, विशारद होत आली, पण पुढे काय?’ यंदा एका बापाने दोन्ही प्रश्न एकात घातले. पाचोऱ्याकडचे कापसाचे व्यापारी. मुलगा पेटी वाजवतो, बारावीला गणितात चांगले मार्क आहेत आणि त्याने कुठेतरी वाचलंय की ‘म्युझिक कम्प्युटिंग’ नावाचा विषय असतो, त्यात पीएचडी होते. ‘म्हणजे काय, डीजे का?’ त्यांनी विचारलं.

मला हसू आलं नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत व्हॉट्सॲपवर वारलेल्या गायकांच्या आवाजात नवी गाणी फिरू लागली, अहिराणी गाण्यांनाही यंत्राने बनवलेली चाल लागू लागली. हे कोण करतं, कसं करतं आणि त्यातलं शिकण्यासारखं काय, हे कुणी सांगत नाही. मी पोटासाठी संगणक शिकवतो आणि तबल्याच्या मध्यमा पूर्ण या परीक्षेला पोचून थांबलोय, म्हणजे दोन्हीकडचा थोडा-थोडा. त्या व्यापारी काकांना चहाच्या दोन कपांत जे सांगितलं, तेच इथे सवडीने लिहितो.

डीजे नाही, मग काय?

गाण्याच्या ध्वनिमुद्रणातून संगणकाच्या मदतीने माहिती काढायची आणि तिचा अभ्यास करायचा, याला आपण संगणकीय संगीतसंशोधन म्हणू. हॉटेलात वाजणारं गाणं फोनला ऐकवलं की तो नाव सांगतो, ती या विषयाची जुनी करामत. एखाद्या रेकॉर्डमधून तबला वेगळा काढणं, गायिकेचा षड्ज, म्हणजे सा, शोधणं, हजार तासांच्या मैफिलींतून एकच आलाप हुडकणं, हीही त्यातलीच कामं.

दुसरा शब्द संगीतशिक्षण-संशोधन. गाणं कसं शिकवावं हा त्याचा अर्धा भाग. खरा प्रश्न असा की माणूस गाणं शिकतो म्हणजे नेमकं काय होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत चाळीस पोरं आणि एक पेटी असताना बेसूर पोर सुरात येतं ते कशामुळे? पुन्हापुन्हा ऐकून, शेजारच्याच्या आवाजाला चिकटून, की कुणीतरी ‘तू खाली लागतोयस’ म्हणाल्यावर? हे मोजायचं तर पोराचा सूर मोजता यायला हवा, आणि तिथे हे दोन विषय एकमेकांना भेटतात.

हतनूरची पातळी आणि आवाजाचे आकडे

संगणकाला आकड्यांपलीकडे काही कळत नाही. मग आवाजाचे आकडे करायचे कसे?

पावसाळ्यात तापीला पाणी चढलं की हतनूर धरणावर ठरावीक वेळाने पातळी नोंदवतात. त्या नोंदी कागदावर ठिपक्यांनी मांडल्या आणि ठिपके जोडले की पुराचा चढउतार दिसतो. पाणी स्वतः कागदावर येत नाही, त्याचा आकार येतो. आवाजाचंही तेच. हवेचा दाब सतत वरखाली होतो, मायक्रोफोन तो पकडतो आणि यंत्र पातळी नोंदवत जातं. फरक घाईचा. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात ही नोंद एका सेकंदाला ४४,१०० वेळा होते. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे एकोणऐंशी लाखांहून जास्त आकडे, तेही एकाच बाजूच्या स्पीकरचे.

या आकड्यांच्या रांगेत एक नक्षी पुन्हापुन्हा येते. ती सेकंदाला किती वेळा येते तिला कंपनसंख्या म्हणतात आणि आपल्या कानाला तीच स्वराची उंची वाटते. सा २४० वर धरला तर शुद्ध ग ३०० वर, प ३६० वर आणि तार सा बरोबर दुप्पट, ४८० वर. सा बदलला की सगळे आकडे बदलतात, पण त्यांचं आपसातलं प्रमाण तेच राहतं. पेटीवाल्याला हे वेगळं सांगायला नको. काळी एकचा गायक जाऊन काळी चारची गायिका बसली की तो बोटं सरकवतो आणि तेच गाणं वाजतं.

संगणकाची पहिली पंचाईत मात्र इथेच होते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात सगळे एका ठरलेल्या सुरावर वाद्यं लावतात. आपल्याकडे प्रत्येक गळ्याचा सा वेगळा आणि तो कुठे लिहिलेला नसतो. माणूस तंबोरा ऐकतो आणि एका क्षणात त्याला सा कळतो. यंत्राला आधी तंबोऱ्याची सततची आस वेगळी काढून सा कुठे आहे हे ठरवावं लागतं. सा चुकला की पुढचं सगळं चुकलं.

एकच रस्ता, दोन गाड्या

सा सापडला, स्वर सापडले. आता राग ओळखा म्हटलं तर?

भूप आणि देशकार घ्या. दोघांत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. स्वरांची यादी पाहून संगणक म्हणेल, एकच राग. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देशकार सकाळी, आणि ज्याने दोन्ही ऐकलेत तो त्यांची गल्लत करत नाही.

जळगावहून धुळ्याला जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणा. जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा, धुळे. पाच थांबे, सा रे ग प ध. एक गाडी एरंडोलला निवांत थांबते, ड्रायव्हर चहा घेतो, फिरून फिरून तिथेच जीव रमतो आणि बाकीचे थांबे ती हॉर्न देत पार करते. ही भूपाची गाडी, कारण भूपाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, ग. दुसरी गाडी त्याच रस्त्याने धावते, पण तिचं सगळं लक्ष धुळ्याकडे. एरंडोलला ती जेमतेम प्रवासी उतरवते. हा देशकार, त्याचा वादी ध. रस्त्याचा नकाशा सारखाच, गाडीचा स्वभाव वेगळा.

संशोधक करतात ते एवढंच की गाडीला जीपीएस लावतात. गायक कुठल्या स्वरावर एकूण किती वेळ राहिला याचा आलेख काढला की एरंडोलच्या जागी उंच टेकडी दिसते किंवा धुळ्याच्या जागी. त्यावरून भूप की देशकार हे बऱ्याचदा कळतं.

‘बऱ्याचदा’ मुद्दाम लिहिलं. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिघंही एकाच स्वरसंचातून निघतात. तिथे किती वेळ थांबला यासोबत कुठून आला, कसा वळला, कुठल्या सप्तकात रमला हेही पाहावं लागतं. मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, दोन थांब्यांच्या मधल्या रस्त्यावर गाडी कशी चालली, यातच अर्धा राग असतो. त्या वाटेचं गणित अजून पुरतं सुटलेलं नाही, म्हणून तर या विषयात माणसं लागतात.

देवगिरीचा हिशेबनीस

हे सगळं परदेशातून आलेलं फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने चाळीसगावला उतरून पाटणादेवीला जाऊन यावं. तिथे १२०७ सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला देणगी दिल्याची ती नोंद आहे. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि मठ चालावा म्हणून बाजारातल्या कोणकोणत्या व्यवहारांतून किती द्यायचं हे त्यात येतं. संशोधनाला पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आठशे वर्षं जुना आहे, आणि खान्देशात त्याचं उत्तर बाजारपेठेने दिलं होतं.

याच सिंघणाच्या दरबारात, घाट चढून पलीकडे, शार्ङ्गदेव नावाचा माणूस हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सात स्वर एकदाच वापरून किती वेगवेगळ्या ताना होतात याचं गणित आहे: ५,०४०. आकडा काढणं सोपं आहे, एकापासून सातपर्यंतचे अंक गुणा. गंमत पुढे आहे. त्याने या ताना एका ठरलेल्या क्रमाने मांडायची रीत दिली. तीन स्वरांची रीत आजही क्लासमध्ये घोकतात: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. मग दोन युक्त्या दिल्या. क्रमांक माहीत असेल तर यादी न लिहिता तान काढायची, तिला ‘नष्ट’ म्हणतात. तान माहीत असेल तर तिचा क्रमांक काढायचा, ते ‘उद्दिष्ट’. त्यासाठी ‘खंडमेरू’ नावाचा आकड्यांचा कोठा.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पाच हजार गाळे आहेत असं धरा. कुणी गाळा नंबर सांगितला तर चौकशी न करता थेट दारात पोचायचं, आणि कुठल्याही दुकानासमोर उभं केलं तर पाटी न वाचता नंबर सांगायचा. प्रचंड साठ्यातून हवी ती वस्तू एका हिशेबात उचलणं हे आजच्या संगणकशास्त्राचं रोजचं काम आहे. हिशेबनीस गाण्यावर लिहायला बसला की असं होतं! याच मेरुखंडाच्या, म्हणजे स्वरांच्या क्रमवार अदलाबदलीच्या, अंगाने उस्ताद अमीर खाँ विलंबित ख्यालात बढत करत, म्हणजे हे गणित कोठ्यात अडकून पडलं नाही, गळ्यातही उतरलं.

मधल्या काळातही ही ओळ तुटली नाही. सांगलीकडचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल १९१० च्या सुमारास बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वर, मोजत होते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत तबला-मृदंगावर टिपण छापलं. चामड्याचं तोंड एरवी ठणठण बेसूर वाजतं, पण मधल्या काळ्या शाईच्या थराने त्याचे उपस्वर सुरेल नात्यात येतात, हे त्यांनी दाखवलं. शाई भरणारा कारागीर हे हाताने जाणतोच. रामनांनी ते कागदावर आणलं.

कॉम्प्युटर आहे, मग माणूस कशाला?

केळीच्या गाडीवर माल चढवण्याआधी घड पाहून प्रत ठरवणारा माणूस लागतो. उद्या कॅमेऱ्याने प्रत ठरवायची म्हटली तरी आधी याच माणसाने हजारो घड पाहून ‘हा पहिल्या नंबरचा, हा दुसऱ्या’ असं सांगावं लागेल. यंत्र त्याच्याकडून शिकेल. गाण्यातही सम (तालाची पहिली मात्रा) इथे, मुखडा इथे, रागवाचक तुकडा इथून इथपर्यंत अशा खुणा कुणीतरी कानाने ऐकून कराव्या लागतात. माझ्या मते या विषयात सगळ्यात दुर्मीळ माल हाच आहे. प्रोग्राम लिहिणारे गल्लोगल्ली मिळतात. विलंबित एकतालात सम नक्की कुठे आली हे छातीठोकपणे सांगणारा आणि वर प्रोग्रामही समजणारा माणूस शोधावा लागतो.

लोकगीतांत तर हा कान स्थानिकच लागतो. गेल्या श्रावणात माझी फुई, म्हणजे आत्या, कानबाई या आमच्या खान्देशी देवीची गाणी म्हणत होती, पारोळा तालुक्यातल्या घरी, कानबाईच्या रोटाच्या सणाच्या तयारीत. मी फोन ठेवला आणि चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन सॉनिक व्हिज्युअलायझर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये ते उघडलं तर पडद्यावर फुईच्या आवाजाआधी खाली एक सरळ जाड रेघ दिसली. कान टवकारून ऐकलं. फ्रिज. मी फोन फ्रिजवर ठेवला होता. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि तिची घरघर पन्नास, शंभर, दीडशेवर रेघा मारत बसते. माझी चाळीस मिनिटं त्या घरघरीत अर्धी वाया गेली.

उरलेल्यात एक गोष्ट दिसली. गाण्याच्या सुरुवातीला फुईचा जो सा होता तो शेवटच्या कडव्यात साधारण अर्धा स्वर वर गेला होता, आणि बायकांचा सगळा घोळका तिच्याबरोबर वर सरकला होता. बेसूर कुणीच नव्हतं. कागदावरचा ‘सा स्थिर असतो’ हा नियम इथे लागू पडत नाही. यंत्राने तो धरून ठेवला असता तर शेवटचं कडवं त्याने दुसऱ्याच स्वरांत लिहिलं असतं. फुईला पडद्यावरची वळणं दाखवली. चष्मा सारखा करून ती म्हणाली, ‘हाऊ मना आवाज शे का?’ आणि बोटाने एक वळण दाखवून सांगितलं की इथे ती मुद्दाम लांबवते, कारण मागच्या बायकांना श्वास घ्यायला वेळ मिळावा. ही माहिती कुठल्याही प्रोग्रामने मला दिली नसती.

आत जायची दारं

ज्याचं गाणं पक्कं आहे त्याने आधी एक गैरसमज काढून टाकावा. आपल्याकडे गावोगावी ज्या परीक्षा होतात त्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं, त्या परंपरेतून १९३१ मध्ये हे मंडळ उभं राहिलं. प्रारंभिक ते अलंकार ही शिडी उत्तम आहे, तिने कान आणि हात तयार होतो. पण विशारदचं प्रमाणपत्र म्हणजे आपोआप विद्यापीठाची पदवी नव्हे. कोण त्याला कशाच्या समकक्ष धरतं हे त्या त्या संस्थेचे नियम वाचूनच समजतं. शिडी चढता चढता बी.ए., एम.ए. सोडू नका.

एम.ए.साठी भुसावळ जंक्शनचा फायदा घ्या, इथून चारी दिशांना गाड्या जातात. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आणि पुण्याचं ललित कला केंद्र सगळ्यांना ठाऊक आहेत. सुरत लाइनने बडोदा गाठता येतं. तिथे सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये काढलेल्या गायनशाळेची परंपरा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात चालते. हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने राजनांदगावला उतरलं की खैरागढ जवळ. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ चं, संगीत आणि ललित कलांनाच वाहिलेलं. आपल्या पोरांना या दोन्ही जागा सुचत नाहीत, कारण आपण जळगावातून फक्त पुण्याकडे बघतो.

एम.ए.नंतर यूजीसीची नेट परीक्षा. संगीत हा तिचा स्वतंत्र विषय आहे. त्यात संशोधनवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. वृत्तीसाठी वयाची अट तीस वर्षं, महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थाही आपापल्या गटांतल्या पीएचडी करणाऱ्यांना वृत्ती देतात. त्यांच्या अटी बदलतात, म्हणून चालू जाहिरात डोळ्याखालून घाला. लहान वयातच सुरुवात करायची तर सीसीआरटी या केंद्राच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची वृत्ती १८ ते २५ वयोगटाला दोन वर्षं महिना ५,००० रुपये देते.

गणित-संगणकाच्या बाजूने येणाऱ्याची वाट वेगळी. आयआयटी मुंबईत विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापक प्रीती राव यांच्या गटाने हिंदुस्थानी संगीतावर कितीतरी वर्षं काम केलंय. आयआयटी मद्रासमध्ये हेमा मूर्ती यांच्या गटाने कर्नाटक संगीतावर केलं. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या झाविएर सेरा यांनी युरोपीय निधीतून २०११ ते २०१७ ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालवला. पाश्चात्त्य संगीतासाठी बनलेली यंत्रं इतर परंपरांना लागू पडत नाहीत, हे धरून त्यांनी पाच परंपरा निवडल्या आणि त्यात हिंदुस्थानी व कर्नाटक दोन्ही होत्या. त्यातून तयार झालेला खुणा केलेला संग्रह ‘सरगा’ नावाने अभ्यासकांना खुला आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातही या विषयाचं मोठं केंद्र आहे. या क्षेत्राची जागतिक परिषद, इस्मिर, २००० पासून भरते. २०२२ मध्ये ती बंगळुरूला झाली. तिचे सगळे निबंध फुकट वाचायला मिळतात, आणि पोराला खरंच आवड आहे की नाही हे पाहायला त्यातले दोन-तीन चाळणं पुरे.

तिसरं दार मला व्यक्तिशः सगळ्यात आवडतं. लोकसंगीताचा संग्रह आणि अभ्यास. धुळ्यात राहून इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावची दप्तरं गोळा केली, कुठे माळ्यावर, कुठे उंदरांनी कुरतडलेली. आवाजाची दप्तरं तशीच पडून आहेत: कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, अक्कलकुव्याकडे काठी गावच्या होळीतले ढोल. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. त्या कामात ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदीची बाजू ज्यांनी सांभाळली ते बर्नार्ड बेल मूळचे संगणकवाले. तबल्याच्या कायद्यांसाठी, म्हणजे ठरावीक बोलरचनांसाठी, ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्राम त्यांनी १९८० च्या दशकातच लिहिला होता. १९८२ मध्ये सुरू झालेलं लोकसंगीताचं मोठं संग्रहालय आणि संशोधन केंद्र आता गुरुग्रामला आहे. बहिणाबाईंचं आपण सगळे अभिमानाने सांगतो. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून कविता वाचली. पण वहीत शब्द राहतात. चाल राहत नाही.

‘पण गणित कच्चं आहे’

हा आक्षेप गाणाऱ्यांचा. त्यांना मी सांगतो की सुरुवातीला गुणोत्तर आणि आलेख वाचता येणं पुरतं, ते आठवीत होतं. पुढचं गणित गरज पडेल तसं शिकावं लागेल, त्याला पर्याय नाही. सेरा आणि स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ यांचा संगीताच्या ध्वनीवरचा अभ्यासक्रम ऑनलाइन आहे. इंजिनिअर पोरगं आणि गाणारी पोरगी यांनी मिळून एक प्रश्न घेतला तर आणखी बरं. पीएचडीला दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेता येतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर आता थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो.

‘सगळं इंग्रजीत आहे’

आहे. यावर गोड बोलण्यात अर्थ नाही, निबंध इंग्रजीतच वाचावे आणि लिहावे लागतात. पण हिंदुस्थानी संगीताची आजची थाटपद्धती, म्हणजे रागांची वर्गवारी, बांधणाऱ्या भातखंड्यांनी आपला मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि अमराठी अभ्यासक आजही त्याचे अनुवाद शोधत असतात. मराठी आणि अहिराणी येणं ही इथे अडचण नाही, भांडवल आहे.

‘पोटाचं काय?’

व्यापारी काकांचा खरा प्रश्न हाच होता. प्राध्यापकांच्या जागा थोड्या निघतात आणि शाळेत संगीतशिक्षकाच्या त्याहून थोड्या. निव्वळ संगीताची पीएचडी करून नोकरी मिळेलच असं मी कुणालाही सांगणार नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, आकाशवाणीची वरची श्रेणी असलेल्या पदवीधर कलाकारासाठी वेगळं दार आहे, पण ते मैफिलीत नाव कमावलेल्यांसाठी. संगणकाच्या बाजूने आलेल्याला मात्र हेच शिक्षण दुसरीकडे चालतं. आवाज ओळखणारे फोन, श्रवणयंत्रं, गाण्यांची ॲप्स, सगळ्यांना ध्वनीचं गणित जाणणारा माणूस लागतो. म्हणून काकांना सांगितलं की मुलाला पदवी संगणकाची करू द्या, पेटी सोडू देऊ नका, आणि तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट गाण्यावर घ्यायला लावा. वर्षभरात कळेल.

‘मग गुरूला घरी बसवणार का?’

सूर खाली लागला हे ॲप सांगतं, आणि घरी एकटा रियाज करणाऱ्या पोराला त्याचा उपयोगही आहे. पण खाली लागण्याचं कारण त्याला कळत नाही. माझे गुरुजी माझा बोल ऐकून न बघता म्हणायचे, ‘खांदा सोड.’ बोल बिघडलेला असायचा आणि दोष खांद्यात. यंत्राला खांदा दिसेलही एक दिवस. तोवर गुरुजींचा चहा मीच करतो.

‘आवाज चोरला तर?’

हा आक्षेप माझ्या घरचाच, आणि रास्त. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांचा आवाज यंत्राने उतरवणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई दिली. नावाजलेल्या गायकाला वकील मिळतो. फुईला कोण? चाल परंपरेची असते, ती कुणा एकाची नाही, पण तिने त्या दिवशी जे गायलं त्यावर गाणारी म्हणून कायद्याने तिचा पन्नास वर्षं हक्क आहे. म्हणून रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्यायची. कशासाठी वापरणार, कुठे ठेवणार आणि यंत्राला शिकवायला देणार का, हे तिच्या भाषेत सांगायचं आणि तिचं उत्तर त्याच रेकॉर्डिंगमध्ये ठेवायचं. नाही म्हणाली तर फोन खिशात.

दुसऱ्या खेपेला फ्रिज बंद करून बसलो तेव्हा मी हे सगळं फुईला सांगितलं. तिला चोरीची फारशी काळजी वाटली नाही. तिने विचारलं ते नावाचं. मी सांगितलं की फाइलला तुझं नाव, गाव, तारीख, सगळं लिहीन. ती म्हणाली, ‘नाव लिख. पन चाल मना मायेरनी शे, ते बी लिख.’ तिचं माहेर शिरपूरकडचं. मी पारोळ्याची म्हणून नोंदवलेली तीन गाणी त्या दुपारी पुन्हा नव्याने नोंदवली.